कोरियन वाण

यशोधन मोघेचा पोटापाण्याचा धंदा भविष्य सांगण्याचा होता. रस्त्यावरच्या ज्योतिषाकडे पोपट असतो, यशोधनकडे संगणक होता, फरक एवढाच. अमेरिकेत ईडन प्रेरी गावात राहणारा हा गृहस्थ एका मोठ्या दुकान-साखळीच्या मुख्य ऑफिसात बसून पुढच्या हिवाळ्यात मिनेसोटातली माणसं किती हातमोजे घेतील, किती सूप पितील आणि किती मेणबत्त्या लावतील ते सांगायचा, आणि मिनेसोटातली माणसं इमानेइतबारे तेवढंच घ्यायची. ऑफिसात त्याच्या शब्दाला मान होता. आकडा यशने बघितलाय, असं कुणी म्हटलं की बाकीचे बघत नसत.

त्याचं चुकलं होतं ते एकाच बाबतीत. कोरियन पोरांची गाणी अमेरिकेत वाजायला लागली तेव्हा कंपनीनं त्याला विचारलं होतं, हे किती दिवस चालेल. त्यानं लिहून दिलं: तात्पुरती लाट, फार तर दोन वर्षं. मग ती लाट ओसरायची वाट बघता बघता त्याचे केस ओसरले. तरी तो आपल्या मताला चिकटून होता. जे गाणं कळत नाही ते माणूस किती दिवस ऐकेल, असा त्याचा सिद्धांत. हा सिद्धांत मांडणारा माणूस रोज गाडीत कर्नाटक संगीत ऐकायचा आणि त्यातलं त्याला एक अक्षर कळत नसे. पण ते वेगळं.

लाट शेवटी त्याच्याच घरात शिरली. मुलगा नकुल कॉलेजसाठी बॉस्टनला गेला, घर एकदम मोठं झालं, आणि नीला, म्हणजे यशोधनची बायको, संध्याकाळी लॅबमधून आल्यावर कोरियन मालिका बघायला लागली. मालिकांवरून ती त्यातल्या गाण्यांवर गेली आणि गाण्यांवरून ती गाणाऱ्या मुलांवर. ब्लू पर्सिमन नावाची सहा मुलांची एक टोळी होती. त्यातला हानगिल नावाचा मुलगा नीलाला आवडायचा, कारण तो रडका होता. बक्षीस मिळालं की रडायचा, नाही मिळालं की इतरांना मिळालं म्हणून आनंदानं रडायचा. यशोधन म्हणाला, याला डॉक्टरला दाखवायला पाहिजे. नीला म्हणाली, घरात एक न रडणारा आहे तेवढा पुरे.

तर झालं असं, की या ब्लू पर्सिमनचा नवा अल्बम नेमका संक्रांतीच्या सुमारास आला.

नीलाच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे आसपासच्या चार-पाच गावांतल्या मराठी बायकांचा वार्षिक मेळावा. वाण काय द्यायचं हा दर वर्षीचा यक्षप्रश्न, कारण ईडन प्रेरीतल्या प्रत्येक मराठी घरात वाणाचे प्लास्टिकचे डबे इतके साठले होते की ते डबे ठेवायला डबे लागत. यंदा नीलानं जाहीर केलं की वाण म्हणून अल्बम लुटायचा. एका देखण्या खोक्यात सीडी, फोटोंचं पुस्तक, आणि सहापैकी कुठल्या तरी एका मुलाचं छोटं कार्ड. कुणाचं ते खोकं उघडल्यावरच कळायचं. सीडी लावायचं यंत्र एकीच्याही घरात नव्हतं, पण वाणाचा उपयोग होतो अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

पण नीलाचा हेतू एवढाच नव्हता. पहिल्या आठवड्यात किती खप होतो त्यावर या मुलांचा अमेरिकेतला नंबर ठरतो, आणि एकाच बाईनं ढीग उचलला तर तो धरत नाहीत, असं तिला तिच्या इंटरनेटवरच्या मैत्रिणींनी सांगितलं होतं. म्हणून प्रत्येकीनं आपापला आणायचा, पैसे नीलानं द्यायचे, सगळे अल्बम तिच्याकडे जमा करायचे आणि हळदीकुंकवाला तिनं ते वाटायचे. त्यासाठी ती सगळ्यांना शनिवारी सकाळी एकदमच दुकानात घेऊन जाणार होती. आधीच्या संध्याकाळी पाच-सहा जणी डायनिंग टेबलाशी बसून हा बेत आखत होत्या, आणि यशोधन शेजारी उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता.

इथे त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर खपाचे आकडे वाचलेला माणूस. सुताराला वाकडा खिळा बघवत नाही तसं त्याचं झालं.

"असं लोंढ्यानं गेलात तर संगणक तुम्हाला एका फटक्यात बाजूला काढेल," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि अर्धा तास बोलला. वेगवेगळ्या दिवशी जा. वेगवेगळ्या दुकानात जा. स्वतःचंच कार्ड वापरा. आणि नुसता अल्बम घेऊ नका. दूध घ्या, केळी घ्या, सोबत अल्बम घ्या. खरेदीसारखं दिसलं पाहिजे.

"म्हणजे ही खरेदी नाहीये का?" रत्नाताईंनी विचारलं. रत्नाताई नागपूरच्या, सगळ्यांत वडील, आणि त्यांना गोष्टी मुळापासून समजून घ्यायची खोड होती.

"खरेदीच आहे हो. पण ती खरेदीसारखी दिसली पाहिजे."

रत्नाताईंनी मान हलवली. बायकांनी तंतोतंत तसंच केलं. नंतर हळदीकुंकवाच्या दिवशी, बाहेर गुडघाभर बर्फात, प्रत्येकीनं स्वतःच विकत आणलेली वस्तू नीलाच्या हातून वाण म्हणून घेतली, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि आत हानगिल निघाला तर तो परत आणून देण्याचं वचन दिलं. यशोधन दारापाशी बुटांचा ढीग सारखा करत होता आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होता. ज्या दुकानांतून ही खरेदी झाली ती त्याच्याच कंपनीची होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते त्याला विनोदी वाटलं होतं, इतकंच.

फेब्रुवारीत अनिका लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

अनिका मूळची टेक्ससमधल्या अर्विंगची, मराठी आईबापांची तिथेच जन्मलेली मुलगी. ऑफिसात ती त्याला 'यश' म्हणायची आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'काका'. तिच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती. कंपनीतला संगीताचा विभाग ती सांभाळायची. म्हणजे त्या विभागात शेवटी उरलेलं माणूस तीच होती. सीडी कोण घेतं आता? तो विभाग बंद करून ती जागा कुत्र्यांच्या खाऊला द्यायचं घाटत होतं. अनिकानं एक संधी मागून घेतली होती. कोरियन संगीत ही लाट नाही, ते इथे टिकणार आहे, राज्यभरच्या दुकानांत त्याला स्वतंत्र फडताळ द्या, असा तिचा प्रस्ताव होता. तो मंजूर झाला तर विभाग तिचा. नाही तर तिलाही कुत्र्यांच्या खाऊबरोबर जागा बदलावी लागणार होती.

"यश, यू हॅव टु सी धिस," ती म्हणाली.

पडद्यावर ईडन प्रेरी आणि आसपासच्या गावांचा नकाशा होता, आणि त्यावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके. ब्लू पर्सिमनच्या अल्बमचा खप. घेणाऱ्या कोण, तर पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका. वेगवेगळ्या दुकानांत, वेगवेगळ्या दिवशी, स्वतःच्या कार्डावर.

"आणि हे बघ," अनिकाचा आवाज अगदी हळू झाला होता, देवळात होतो तसा. "त्यांच्या बास्केटमध्ये काय आहे बघ. दूध. केळी. दे आर नॉट इव्हन फॅन्स, यश. फॅन असते तर लाइन लावून आले असते. या नॉर्मल बायका आहेत. दूध, केळी, ब्लू पर्सिमन. इट्स ग्रोसरीज नाऊ. जी गोष्ट ग्रोसरीजमध्ये जाते ती परत जात नाही. हे तूच शिकवलंस मला."

ते त्यानंच शिकवलं होतं, हे खरं. केळीही त्याचीच होती.

संक्रांतीच्या वेळी अनिका अर्विंगला आईवडिलांकडे गेली होती, म्हणून नीलाच्या वाणाची हकीकत तिच्या कानावर नव्हती. तिनं त्याला तो अहवाल तपासायला दिला. कारणही सांगितलं. तुला हे म्युझिक आवडत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहितीये, त्यामुळे तू ओके म्हणालास तर कोणी प्रश्न विचारणार नाही.

यशोधननं पहिला दिवस हसण्यात घालवला. गंमत म्हणून हे नीलाला कसं सांगायचं, अनिकाला कसं सांगायचं, तिचा चेहरा कसा होईल. दुसऱ्या दिवशी त्यानं ते वाक्य गाडीत बोलून बघितलं. 'अनिका, त्या बायका म्हणजे माझी बायको आहे.' हे बरोबर वाटेना. 'अनिका, आपल्याच कंपनीच्या डोळ्यांत धूळ कशी फेकायची ते मी माझ्या डायनिंग टेबलाशी बसून बायकांना शिकवलं.' हे बरोबर होतं, आणि म्हणूनच म्हणता येण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर ती विचारेल, परवाच का नाही सांगितलंस? एका दिवसाचा उशीर दुसऱ्या दिवसाला जन्म देतो. यशोधनच्या कामाच्या भाषेत याला वाढीचा कल म्हणतात. चौथ्या दिवशी त्यानं अहवालाच्या समासात लिहिलं, 'लुक्स गुड', आणि पाठवून दिला.

घरी त्यानं नीलाला सांगितलं तेव्हा त्याची अपेक्षा होती की तिला निदान थोडं अपराधी वाटेल. अपराध वाटून घेतला की हलका होतो. पण नीला कांदा चिरत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच होतं.

"यात खोटं काय आहे?" ती म्हणाली. "पैसे दिलेत. वस्तू घरात आहे."

त्यानं समजावून सांगितलं की ही खरी लोकप्रियता नव्हे. चार बायकांनी ढकलून वर चढवलेली आहे.

"मग खरी कशी असते?" नीलानं विचारलं. "आपला गणपती इथे इतकी वर्षं चाललाय तो काय आपोआप? दर वर्षी त्याच आठ जणी मोदक वळतात, आणि तूच वर मंडळाच्या अहवालात लिहितोस, प्रचंड प्रतिसाद. कुठलीही गोष्ट टिकते म्हणजे कुणी तरी ती टिकवत असतं रे. फुकट काही टिकत नाही." मग सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "पण पोरीला सांगायला हवं होतंस तू. तिला सांग."

सांगतो, असं तो म्हणाला.

बैठकीला क्रिस्टन होती. ही त्या दोघांची वरिष्ठ, उंच, प्रसन्न, सात पिढ्यांची मिनेसोटाची. अनिका चांगली बोलली. तिनं हानगिल आणि मंडळींचा उल्लेखही केला नाही. फक्त दूध आणि केळी. शेवटी क्रिस्टन यशोधनकडे वळली आणि म्हणाली, तुझं मत आम्हाला ठाऊक आहे, पण आकड्यांबद्दल तू समाधानी आहेस का? सगळे त्याच्याकडे बघत होते. अनिका बघत नव्हती. ती निर्धास्तपणे आपल्या कागदांची चळत सरळ करत होती, आणि तेच त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

"समाधानी आहे," तो म्हणाला.

प्रस्ताव मंजूर झाला. आठवड्याभरानं अनिका त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली आणि सहज म्हणाली की अर्विंगमध्ये आईबाबांच्या घराजवळच एक नोकरी चालून आली होती, ती तिनं नाकारली. बाबांचं मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून आई मागे लागली होती. पण आता इथे काही तरी स्वतःचं उभं राहतंय, तर कसं सोडणार? यशोधननं कॉफी घेतली. तिनं त्याला हवी तशी, दूध जास्त घालून आणली होती. ती त्यानं प्यायली नाही, आणि टाकलीही नाही. ती तशीच दिवसभर टेबलावर गार होत राहिली.

वसंतात फडताळं लागली. रॉचेस्टरला, डुलुथला, सेंट क्लाउडला. चकचकीत, वर पिवळे दिवे. ईडन प्रेरीत थोडंफार चाललं. बाकी ठिकाणी माणसं त्या फडताळासमोर थांबत, दिव्याकडे बघत, आणि पुढे कुत्र्यांच्या खाऊकडे जात. दर सोमवारी अनिकाच्या टेबलावर आकडे येत आणि दर सोमवारी ती म्हणे, वेळ लागतो. काळी वर्तुळं दिसू नयेत म्हणून ती डोळ्यांखाली काही तरी लावायला लागली होती, हे नीलानं मंडळाच्या गुढीपाडव्याला ओळखलं.

आणि मग यशोधननं जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. पण अपराधी माणूस शहाणा असता तर अपराधी झाला नसता. दुकानं तपासायला जातो असं सांगून तो शनिवारी गाडी काढी, दूरच्या गावातल्या दुकानात जाई, दूध घेई, केळी घेई, आणि दोन अल्बम घेई. आपणच वर्तवलेलं भविष्य आपल्याच हातांनी गाडीच्या डिकीत भरायचं. घरात केळ्यांचं शिकरण, केळ्यांचा शिरा, केळ्यांचे काप. नीलानं काही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "हानगिल निघाला तर दे."

रॉचेस्टरच्या दुकानात त्याला अनिका भेटली. ती फडताळ बघायलाच आली होती. तो ट्रॉली घेऊन त्या पिवळ्या दिव्याखाली उभा होता आणि त्याच्या ट्रॉलीत सगळं होतं.

आधी तिचा चेहरा उजळला. इतका की त्याला वाटलं, पळून जावं. "काका," ती म्हणाली. ऑफिसच्या कामाच्या जागी ती त्याला पहिल्यांदाच काका म्हणत होती. "तुम्ही पण? ओह माय गॉड. तुम्ही ऐकता?"

आता एकच शब्द पुरला असता. हो. त्यानं तोंड उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, अनिकाची नजर ट्रॉलीतल्या दुधाकडे गेली, मग केळ्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम न जाता जागच्या जागी शंकेत बदलत गेला. ती हुशार होती. त्यानंच शिकवलं होतं तिला, बास्केट बघायला.

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, फडताळासमोर उभं राहून, मराठीत, म्हणजे आसपासच्या कुणाला कळायला नको. हळदीकुंकू, वाण, डायनिंग टेबल, वेगवेगळे दिवस. शेजारून एक बाई सॉरी म्हणत ट्रॉली काढून पुढे गेली.

अनिकानं सगळं ऐकून घेतलं. मग निव्वळ मराठीत, जी ती आईशी भांडतानाच बोलायची, एकच विचारलं.

"मी तुम्हाला तपासायला दिलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग 'लुक्स गुड' का लिहिलं, काका?"

त्याच्याकडे कारणं बरीच होती. चार दिवसांची चार. त्यातलं एकही त्या पिवळ्या दिव्याखाली बाहेर काढण्यासारखं नव्हतं. त्यानं ट्रॉलीतले अल्बम परत फडताळावर ठेवले, आणि ते नीट सरळ लावले.

रविवारी ती घरी आली. त्याच्याकडे नव्हे, नीलाकडे. नीलानं खिचडी केली होती. दोघी डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या आणि नीला एकेकीचं नाव सांगत गेली, अनिका तिला आकड्यांतून वजा करत गेली. यशोधन स्वयंपाकघरात उभा राहून धुतलेली भांडी पुन्हा धूत होता. नकाशावरचा गोवर उतरत चालला होता. शेवटी उरले ते तुरळक ठिपके.

मग अनिका थांबली. वजा केलेल्यांपैकी काही जणींनी मार्चमध्ये पुन्हा खरेदी केली होती. नीलानं सांगितलेलं नसताना. जुने अल्बम, ब्लू पर्सिमनचे आणि दुसऱ्याच कुठल्या मुलींच्या टोळीचे. रत्नाताईंनी तर तीनदा. नीलानं लगेच फोन लावला. रत्नाताई आधी कबूलच होईनात. मग म्हणाल्या, सीडीचं एक यंत्रही आणलंय, सकाळी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालताना लावते गं, बरं वाटतं. आणि नातीला कळलं तर हसेल, म्हणून कुणाला बोलले नाही.

"म्हणजे खरं आहे," अनिका म्हणाली. "छोटं आहे. बट इट्स रिअल."

"छोटंच टिकतं, बाळा," नीला म्हणाली.

"छोट्याला शेल्फ नाही मिळत, काकू."

नीलानं तिला आणखी खिचडी वाढली.

सोमवारी अनिका क्रिस्टनकडे गेली आणि तिनं आपला प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला. आकड्यांत आपली चूक झाली, एका समाजाच्या सणाची खरेदी आपण सगळ्या राज्याची आवड समजलो, असं म्हणाली. ती स्वतः त्याच समाजातली असून तिच्या लक्षात येऊ नये याचं क्रिस्टनला फार नवल वाटलं, आणि तसं तिनं हळुवारपणे बोलूनही दाखवलं. यशोधनचं नाव कुठे आलं नाही. विभाग बंद झाला. कुत्र्यांच्या खाऊत अनिकाला जागा देत होते. ती तिनं घेतली नाही. अर्विंगची ती नोकरी केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तरी ती अर्विंगलाच गेली, आईबाबांच्या घरी, शाळेत असतानाच्या आपल्या खोलीत. निरोपाच्या केकवर तिचं नाव बरोबर लिहिलं होतं, आणि त्याबद्दल सगळ्यांनी समाधान व्यक्त केलं.

पुढच्या आठवड्यात क्रिस्टननं यशोधनला बोलावून घेतलं. म्हणाली, शेवटी तूच बरोबर ठरलास. इतकी वर्षं सगळे तुझी थट्टा करत होते. कोरियन संगीत इथे किती टिकेल यावर आता तूच एक सविस्तर टिपण लिही, वरचे लोक मागतायत.

यशोधन उठला, त्यानं काचेचं दार लावून घेतलं आणि पुन्हा बसला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. रॉचेस्टरला सांगितलं त्याहून नीट सांगितलं, कारण आता सराव झाला होता. बायकांना मी शिकवलं. मला माहीत होतं. मी लुक्स गुड लिहिलं. तू विचारलंस तेव्हा समाधानी आहे म्हणालो. चूक तिची नव्हती.

क्रिस्टन मान कलती करून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"तू असं करशील हे तिनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

यशोधनला कळेना.

"अनिकानं. जाताना म्हणाली, यश येईल आणि सगळा दोष स्वतःवर घेईल. तो मला काकासारखा आहे, आमच्यात तशी पद्धत असते. त्याला तसं करू देऊ नका." क्रिस्टननं टेबलावरून हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला. "किती सुंदर संस्कृती आहे तुमची."

त्यानं पुन्हा सांगून बघितलं. वाण म्हणजे काय ते सांगितलं. शनिवारच्या खरेदीच्या पावत्या घरी आहेत, त्या आणून दाखवतो म्हणाला. जितका तो पटवत गेला तितकी क्रिस्टन गहिवरत गेली. मिनेसोटातली माणसं फार सभ्य. समोरचा स्वतःचा अपराध आपल्या पदरात घालतोय असं दिसलं तर ती पदर आवरून घेतात. शेवटी तिनं त्याला बाकीचा दिवस सुटी दिली.

टिपण त्यानं लिहिलं नाही असं नाही. लिहिलं. कोरियन संगीताचा खप या देशात फार मोठा कधी दिसणार नाही, आणि तो संपणारही नाही, असं त्यानं लिहिलं. वर्षं घातली नाहीत. वरच्या लोकांना वर्षं हवी होती, म्हणून ते दुसऱ्याकडे दिलं गेलं. त्या दुसऱ्यानं तीन वर्षं लिहिली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

जुलैत एका रविवारी दुपारी नीला मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होती आणि तिचा फोन आत वाजला. पडद्यावर अनिकाचं नाव होतं. यशोधननं तो उचलला. गेल्या दोन महिन्यांत तिला काय काय सांगायचं ते त्यानं गाडीत बोलून ठेवलं होतं. सगळं तोंडाशी आलं.

"अनिका," तो म्हणाला. "मी बोलतोय. कशी आहेस बेटा? बाबा कसे आहेत?"

"ठीक आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज नीट होता, राग असा काही नव्हता. पाहुण्यांशी बोलतात तसा. "काका, काकू आहेत का?"

"आहे. अंगणात आहे. अनिका, मी क्रिस्टनला सगळं..."

"काकूंना देता का फोन?"

त्यानं दार सरकवलं आणि फोन नीलाला नेऊन दिला. नीलानं ओला हात कुर्त्याला पुसला, पाण्याची नळी त्याच्या हातात दिली, आणि बोलत बोलत कुंपणाकडे गेली. बराच वेळ बोलली. मधेच हसली. कोरियातल्या सक्तीप्रमाणे हानगिल सैन्यात भरती होणार होता आणि त्यावरून दोघींनी एकमेकींचं सांत्वन केलं, एवढं त्याला ऐकू आलं. तो टोमॅटोच्या वाफ्यात नळी धरून उभा राहिला.

बोलणं संपवून ती परत आली तेव्हा त्यानं मोकळा हात पुढे केला. नीलानं त्याच्याकडे बघितलं. फोन आधीच बंद झाला होता.

"माझ्याशी बोलायचं नव्हतं का तिला?"

"मी विचारलं," नीला म्हणाली. "नको म्हणाली." मग म्हणाली, "आत्ता नको, असं म्हणाली."

'आत्ता' हा शब्द अनिकाचा होता की नीलानं पदरचा घातला होता, हे त्यानं विचारलं नाही. वाफा तुडुंब भरला होता आणि पाणी त्याच्या चपलांवरून वाहायला लागलं होतं. नीला जाऊन नळ बंद करून आली.